मींड विकणे आहे

संपादकांना हवा होता जुन्या सिंथेसायझरांचा बाजार : भिंतभर मॉड्युलर कपाटं, लाखांचे सौदे. मी एकाच डबीपाशी अडकलो. पुण्यातल्या एका मित्राला ती विकायची होती. चंदेरी प्लॅस्टिक, फूटभर लांब, त्याच्या निम्मी रुंद. रोलँड टीबी-३०३.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ही निघाली ती एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ द्यायला. अमेरिकेत किंमत ३९५ डॉलर. पण तिचा आवाज बेस गिटारसारखा मुळीच नव्हता, आणि सूर भरायची तऱ्हा उफराटी : आधी सगळे सूर ओळीने द्या, मग पुन्हा पहिल्यापासून त्यांचे काळ. सुमारे १०,००० नग काढून १९८४ मध्ये कंपनीने हात टेकले. पुढे शिकागोत फ्यूचर या त्रिकुटाने एक जुनी डबी घेतली, बटणं वाटेल तशी पिळली आणि १९८७ मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही नृत्यधून आली. तेव्हापासून भाव चढतोच आहे.

मुंबईत मात्र या डबीवर असलं संगीत पाच वर्षं आधीच होऊन गेलं होतं. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच हिच्यावर, ज्युपिटर-८ सिंथेसायझर आणि टीआर-८०८ ड्रम मशीनच्या जोडीने, दहा रागांची डिस्को तबकडी केली. ती कुणी फारशी घेतली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगाचे कान टवकारले.

सिंगांना या डबीत काय दिसलं असेल? माझ्या मते ‘स्लाइड’चं बटण. ते दाबलं की सूर तुटत नाही, पुढच्यावर घसरत जातो. मींडच! फक्त हट्टी : अंतर अर्ध्या सुराचं असो की सप्तकाचं, घसरायला वेळ तेवढाच. गवई मींड लांबवतो, रेंगाळतो. हिला ते ठाऊक नाही. त्याहून लबाड ‘अ‍ॅक्सेंट’. रेझोनन्स चढवून लागोपाठ अ‍ॅक्सेंट दिले, की आतल्या कपॅसिटरमधला विद्युतभार पूर्ण उतरायच्या आत नवा चढतो, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला फिल्टर आधीपेक्षा वर उघडतो. एकच सूर चिडत गेल्यासारखा वाटतो. मित्राच्या खोलीत मी ते अर्धा तास ऐकत बसलो, चहा निवला.

मग मित्राने मागचं झाकण उघडलं, आणि माझा उत्साह जरा खाली आला. आवाजाचा चढउतार सांभाळणारी बीए-६६२ ही चिप आता बनत नाही. मूळचा प्रोसेसर गेला, तर तसाच दुसरा एखाद्या मेलेल्या ३०३च्या पोटातूनच काढावा लागतो. म्हणजे एक जगवायला दुसरी मारायची. बटणं झिजतात, एकदा दाबलेला सूर दोनदा लागतो. स्वस्तातल्या नकला आज मिळतात, चांगल्या वाजतात. तरी अस्सल म्हटलं की लोक काही लाख मोजतात आणि हे सगळं दुखणं घरी आणतात.

आणि ते चार जाडे सेल. डबी बंद असतानाही आतल्या चाली जिवंत राहतात त्या त्यांच्यावर. अडॅप्टर न लावता सेल काढले, की चाली पुसल्या जातात. पुन्हा चालू केल्यावर त्या जागी भलतेच सूर निघतात. काहींना तेही आवडतात. मित्राला नाही. तिच्या आत त्याच्या कॉलेजातल्या बारा चाली आहेत, कुठे लिहून ठेवलेल्या नाहीत. सेल आत ठेवून पार्सल केलं तर वाटेत ते पाझरून पट्ट्या खातील, काढले तर चाली जातील. घेणारा बंगळूरचा आहे, त्याला चालींशी देणंघेणं नाही. त्याने एवढंच विचारलंय : सगळी बटणं चालतात ना?

मित्राने अजून उत्तर दिलेलं नाही. सेल आतच आहेत.