घोडी भरवण्याआधी आणि नंतर

आपल्या आदिलाबादकडे शेती बैलावर चालते. घोडी बांधणारी घरे थोडी, आणि म्हणूनच घोडीविषयी चार गोष्टी विचारायला माणूस सापडत नाही. नांदेडपलीकडे लोह्याजवळ माळेगावला खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते. तेथील घोड्यांच्या बाजारात ऐकलेले ज्ञान घेऊनच लोक परततात. त्यातले काही खरे, बरेच पोकळ.

बाजारात आधी भोवरे पाहतात. गळ्याला देवमण असला, चारही पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा असा पंचकल्याणी घोडा असला की त्याची किंमत चढते. हौस म्हणून ठीक आहे. पण भोवरा शिंगराच्या पायात उतरत नाही. घोडीला लावायचा घोडा कडक जमिनीवर दुडका चालवून पाहावा. खूर एकसारखे व टणक हवेत, दोन्ही अंड खाली उतरलेले हवेत. चावरा, लाथाळ घोडा कितीही देखणा असला तरी नको. आणि त्याची जुनी शिंगरे पाहायला मिळाली, तर त्याहून चांगली साक्ष नाही.

घोड्याच्या रक्ताची ग्लँडर्ससाठी तपासणी झाली आहे का, हेही विचारावे. हा रोग माणसालाही होतो व जीव घेतो. रोगी ठरलेले जनावर औषध देऊन ठेवता येत नाही, कायद्याने ते मारावेच लागते. सरकारी जनावरांच्या दवाखान्यामार्फत नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रापर्यंत जाऊ शकतो.

“लहान घोडीला उंच घोडा लावा, शिंगरू उंच होईल,” असे सांगणारे पुष्कळ भेटतात. इंग्लंडमध्ये केंब्रिजला वॉल्टन आणि हॅमंड या दोघांनी हे पडताळून पाहिले व 1938 साली छापले. त्यांनी शायर जातीचे अवाढव्य घोडे आणि शेटलंड जातीचे बुटके तट्टू यांचा कृत्रिम रेतनाने दोन्हीकडून संकर केला. बुटक्या आईचे शिंगरू लहानच जन्मले, मोठ्या आईचे मोठे. पुढेही तो फरक भरून निघाला नाही. पोटातली वाढ आईच्या अंगावर ठरते. तेव्हा उंच घोड्याच्या मालकाला जादा पैसे मोजण्यापेक्षा ते घोडीच्या तोबऱ्यात पडावेत.

घोडी साधारण 21 दिवसांनी माजावर येते आणि पाच ते सात दिवस माजावर राहते. बीज सुटते ते शेवटच्या एक-दोन दिवसांत. पहिल्याच दिवशी एकदा दाखवून घरी आणली तर फेरा बहुधा फुकट जातो. एक दिवसाआड दाखवावी, ती घोड्याला नाकारीपर्यंत. पंधरवड्यानंतर डॉक्टरकडे यंत्राची सोय असेल तर तपासून घ्यावी, कारण घोडीला जुळे सहसा पेलत नाही. दोन्ही गर्भ जाण्याची भीती असते.

मग अकरा महिन्यांची वाट. पहिले आठ महिने हलके काम चालते, उलट चालती घोडी बरी. शेवटच्या तीन महिन्यांत शिंगरू झपाट्याने वाढते. तेव्हा ओझे व वरात बंद, आणि खुराक हळूहळू वाढवून दोन-तीन वेळांत विभागावा.

आपल्याकडचा खरा धोका हिरव्या ज्वारीचा. बैलाला किरळ लागते हे आपण जाणतो, पण घोडीचे दुखणे वेगळे असते. हिरव्या ज्वारीवर आठवडे चरलेल्या घोडीची लघवी ठिबकू लागते, मागचे पाय लटपटतात, गाभ जातो किंवा शिंगरू आखडलेल्या सांध्यांचे जन्मते. गाभण घोडीला हिरवी ज्वारी नकोच. नीट वाळलेला, बुरशी नसलेला कडबा द्यावा. कोंबड्यांचा खुराकही चुकून देऊ नये. त्यात मोनेन्सिन नावाचे औषध असू शकते, ते घोड्याला थोडेसेही प्राणघातक ठरते. पावसाळ्यात घोडमाशीमुळे सर्रा होतो, त्यानेही गाभ पडतो. ताप येऊन उतरत असेल व पाय सुजत असतील, तर रक्त तपासून घ्यावे.

विण्याच्या महिना-दीड महिना आधी घोडीला धनुर्वाताची लस द्यावी. सडांवर मेणासारखे थेंब दिसले की एक-दोन रात्रींत विण्याचा संभव असतो. घोडी बहुधा रात्रीच विते. स्वच्छ, कोरडी जागा करून दूर बसावे. पाणमोट फुटल्यावर अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यायला हवे. न आल्यास डॉक्टरला आणायला धावा, ओढाओढ करू नका. शिंगराची नाळ आयोडीनमध्ये बुडवावी. तासाभरात ते उभे राहते, दोन तासांत पिते. पहिला चीक पाजायलाच हवा, कारण रोगाशी लढण्याची शक्ती त्याला पोटात मिळत नाही, चिकातूनच मिळते. वार तीन तासांत पडली नाही तर गाईसारखी उद्याची वाट पाहू नये. घोडीच्या अंगात विष भिनते, खूर जातात. तेव्हा रात्र असली तरी डॉक्टरला बोलवा, आणि पडलेली वार फेकू नका. ती पूर्ण आहे की तुकडा आत राहिला, हे डॉक्टरला पाहू द्या.