पाऊण लाख डॉलरांची तरतूद

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १७ जुलै १९६४ रोजी ज्या जलसंपदा संशोधन कायद्यावर सही केली, त्या कायद्यान्वये प्रत्येक राज्यातील एका विद्यापीठाला जलसंशोधनाची संस्था चालविण्यासाठी पहिल्या वर्षी ७५,००० डॉलर व पुढे क्रमाने वाढवीत सालिना एक लाख डॉलर देण्याची तरतूद झाली. धरणे-कालव्यांवर कोट्यवधी डॉलर खर्चणाऱ्या त्या राष्ट्राच्या जमाखर्चात ही रक्कम नजरेत भरण्याजोगी नव्हती; परंतु ती दरसाल मिळावयाची होती, आणि माझ्या मते तिचे सारे मोल या सातत्यातच साठविलेले होते.

कल्पनेला आधार जुना होता. १८८७ च्या हॅच कायद्याने शेतकी महाविद्यालयांच्या प्रयोगकेंद्रांना दरसाल १५,००० डॉलर देऊन प्रत्येक प्रांतातील माती आणि पिके यांचा अभ्यास तेथल्या तेथेच रुजविला होता. जलकायद्याचे पुरस्कर्ते सिनेटर क्लिंटन अँडरसन हे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या मंत्रिमंडळात शेतकीमंत्री राहिलेले, आणि न्यू मेक्सिकोसारख्या कोरड्या प्रांताचे प्रतिनिधी. शेतीस जे लाभले ते पाण्यासही लाभावे, असे त्यांना वाटणे स्वाभाविकच होते. त्यांच्या प्रांतातील विद्यापीठाने तर कायद्याची वाट न पाहता १९६३ मध्येच अशी संस्था उभी केली होती.

पाण्याचे ज्ञान दुरून आणता येत नाही, हे आपल्या दख्खनच्या शेतकऱ्याला वेगळे सांगावयास नको. एकाच शिवारात एका विहिरीला उन्हाळाभर पाणी पुरते आणि बांधापलीकडची विहीर होळीच्या सुमारासच तळ दाखविते, कारण कातळाच्या थरांतील भेगा व मुरुम प्रत्येक ठिकाणी निराळे असतात. हे निराळेपण जाणण्यासाठी त्याच विहिरींची पातळी पावसाळ्यामागून पावसाळे मोजावी लागते, आणि तीन वर्षांच्या मुदतीचे अनुदान त्या कामाला नेमके अर्ध्या वाटेवर सोडते.

या तरतुदीवर आघात झाला तो १९८४ मध्ये. स्थानिक लाभाच्या संशोधनाचा भार केंद्राच्या खजिन्याने वाहू नये, अशी भूमिका घेऊन राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नवे जलसंशोधन विधेयक नाकारले; पण काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश बहुमताने तो नकार मोडून काढला आणि २२ मार्च १९८४ रोजी विधेयकाचा कायदा झाला. रेगन यांच्या आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही, म्हणूनच नव्या कायद्याने स्थानिक वाटा वाढवीत नेला आणि अखेरीस केंद्राच्या एका डॉलरमागे दोन डॉलर बाहेरून उभे करण्याची अट आली. २०२१ पर्यंत टिकलेली ही अट जाचक होती, असे मला वाटते. ज्या प्रांताच्या तिजोरीत खडखडाट, त्यालाच पाण्याची विवंचना बहुधा अधिक असते.

आज अशा संस्था ५४ आहेत: पन्नास राज्यांच्या, राजधानीच्या जिल्ह्याची एक, आणि पोर्तो रिको, व्हर्जिन बेटे व ग्वाम यांच्या. ग्वाम विद्यापीठातील संस्था १९७५ ची. त्या बेटाचा उत्तर भाग चुनखडीचा. पाऊस त्यात झिरपतो आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर गोड पाण्याचे भिंग तरंगत राहते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून एक फूट वर असेल, तर खाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी असते, असा ठोकताळा आहे. अर्थात वरचा फूट उपशाने ओसरला की खालून खारे पाणी त्याच प्रमाणात वर सरकते. बेटाच्या पिण्याच्या पाण्याचा बहुतेक पुरवठा याच भिंगातून होतो. तेव्हा निरीक्षण-विहिरीत कुठल्या खोलीला खारटपणा सुरू होतो, हे पाहणारा तेथला विद्यार्थी ज्या आकड्याची नोंद करतो, त्याच्यावर कुठे किती उपसा करावयाचा हे ठरते. आणि गेल्या वर्षीचा आकडा शेजारी नसेल, तर यंदाच्या आकड्यावरून काहीच ठरत नाही.