इजिप्तला निघण्यापूर्वी औषधांचा डबा तपासा

दिवाळी आटोपली की नाशिकमधील ज्येष्ठांच्या गप्पांत प्रवासाचे विषय निघू लागतात. चारधाम, रामेश्वर झालेले असते, मुलांकडे परदेशीही जाऊन येणे झालेले असते. आता पिरॅमिड पाहावेत, नाईल नदीतून बोटीने जावे, असे मनात येते. ज्या घरांत मीना प्रभू यांचे ‘इजिप्तायन’ वाचले गेले आहे, तेथे तर ही इच्छा फार जुनी असते. तिकिटे, व्हिसा, हॉटेल यांची काळजी सहलसंस्था घेते. औषधांची पिशवी मात्र प्रवाशाची स्वतःची असते, आणि या देशात जाताना सर्वांत मोठा धोका त्याच पिशवीत असू शकतो.

गुडघे, कंबर किंवा मणक्याच्या दुखण्यासाठी आपल्याकडे अनेक ज्येष्ठांना पॅरासिटामॉल आणि ट्रॅमाडॉल अशी एकत्रित गोळी दिली जाते. वर्षानुवर्षे घेतलेल्या या गोळीला घरात ‘दुखण्याची गोळी’ एवढेच नाव असते. तिच्यात काय आहे हे फारसे कोणी वाचत नाही. इजिप्तमध्ये ट्रॅमाडॉल हा कडक नियंत्रणाखालील पदार्थ आहे. तेथे त्याचा नशेसाठी मोठ्या प्रमाणावर गैरवापर झाल्याने कायदा कठोर आहे. २०१७ मध्ये एका ब्रिटिश महिलेला ट्रॅमाडॉलच्या २९० गोळ्या घेऊन हुरघाडा विमानतळावर उतरताच अटक झाली. आपल्या जोडीदाराच्या पाठदुखीसाठी त्या आणल्या, असे तिचे म्हणणे होते. न्यायालयाने तिला तीन वर्षांची शिक्षा सुनावली आणि २०१९ च्या आरंभी तिची सुटका झाली. आपल्याकडेही २०१८ पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थविषयक कायद्याखाली आले आहे, पण घरातल्या डब्यापर्यंत ही वार्ता पोहोचलेली दिसत नाही.

म्हणून प्रवासाच्या निदान महिनाभर आधी डब्यातील प्रत्येक पाकिटावरचे बारीक अक्षरातले मूळ औषधाचे नाव वाचावे. हे काम मुलांनी किंवा सुनेने भिंग घेऊन बसून करावे. ट्रॅमाडॉल, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, झोपेच्या व चिंता कमी करणाऱ्या गोळ्या, मधुमेहातील पायांच्या जळजळीसाठी दिले जाणारे प्रीगाबालिन यांपैकी काही आढळले, तर आपल्या डॉक्टरांना पर्याय विचारावा आणि औषध नेण्याबाबत मुंबईतील इजिप्तच्या वाणिज्य दूतावासाकडे लेखी चौकशी करावी. येथे एक सावधगिरी हवी. रोज घेतले जाणारे ट्रॅमाडॉल किंवा झोपेची गोळी एकाएकी बंद केली, तर अस्वस्थता, घाम, निद्रानाश, क्वचित झटकेही येऊ शकतात. मात्रा हळूहळू कमी करायला वेळ लागतो. निघण्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन हे साधत नाही.

सकाळ, दुपार, संध्याकाळ असे खण असलेली प्लॅस्टिकची डबी घरी फार सोयीची असते. सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे मात्र ती निरुपयोगी ठरते. गोळ्या मूळ पाकिटांतच ठेवाव्यात. सोबत डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचे इंग्रजी पत्र असावे. त्यात आजार, औषधाचे मूळ नाव आणि रोजची मात्रा स्पष्ट लिहिलेली हवी. सारी औषधे हातातल्या बॅगेत ठेवावीत आणि सहलीच्या दिवसांपेक्षा आठवडाभराची अधिक घ्यावीत.

इन्सुलिन तर कधीही मोठ्या सामानात देऊ नये, कारण विमानाच्या मालकप्प्यात ते गोठून निकामी होण्याची भीती असते. हिवाळ्यात इजिप्तचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. म्हणजे जातानाचा दिवस तेवढा लांबतो आणि परततानाचा आखडतो. त्या दोन दिवसांत इन्सुलिन केव्हा व किती घ्यायचे, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. प्रवासातली बैठकही मोठी असते. नाशिकहून कसारा घाट उतरून मुंबईला चार-पाच तास, विमानतळावर तीन तास, आणि थेट विमान मिळाले तर पुढे सुमारे सहा तास. पायांच्या शिरांत रक्त साकळू नये म्हणून तासातासाने उठून चार पावले टाकावीत, बसल्या जागी घोटे फिरवावेत. विमानतळावरील चाकांच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच ज्येष्ठांसाठी योग्य काळ. उन्हाळ्यात लक्सर व अस्वान येथे पारा चाळिशीच्या पुढे जातो. मार्चपासून मे महिन्यापर्यंत खमसीन नावाचे धुळीचे उष्ण वारे अधूनमधून वाहतात. दमेकऱ्यांनी तेव्हा जाऊ नये. कैरोतील हिवाळी रात्री मात्र नाशिकसारख्याच गार असतात, तेव्हा स्वेटर हवाच. वाळवंटी हवेत घाम आल्याबरोबर सुकतो, त्यामुळे शरीरातले पाणी कमी होत असल्याचे कळत नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांना याचा त्रास लवकर होतो. सीलबंद बाटलीचे पाणी दिवसभर थोडेथोडे प्यावे. नळाचे पाणी दात घासण्यासही वापरू नये. जलसंजीवनीच्या पुड्या घरूनच न्याव्यात. ज्यांना हृदयविकारामुळे पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्यांनी आपले प्रमाण आधी ठरवून घ्यावे.

आता चालण्याविषयी. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या आत जाता येते, आणि तेवढे तिकीट काढावे असा मोह प्रत्येकाला होतो. आतला चढता मार्ग जेमतेम चार फूट उंच आहे. कंबरेत वाकून बरेच अंतर चढावे लागते, हवा कोंदट असते, मध्ये बसायला जागा नसते आणि वर पोहोचल्यावर एक रिकामे दालन दिसते. माझे मत विचाराल तर हा पिरॅमिड बाहेरूनच पाहावा. तरीही जायचेच असेल, तर आधी पांडवलेणीच्या पायऱ्या चढून पाहाव्यात. तेथे दम लागत असेल वा गुडघे बोलू लागत असतील, तर उत्तर मिळाले. राजांच्या दरीत प्रवेशद्वारापासून आतवर विजेवरची छोटी गाडी मिळते. सगळ्या थडग्यांत उतरण्याचा हट्ट धरू नये, एखाद-दुसरे निवांत पाहावे. अबू सिंबेल अस्वानपासून सुमारे २८० किलोमीटर दूर आहे आणि बस पहाटेच्या अंधारात निघते. वारंवार लघवीला जावे लागणाऱ्यांनी सोयी कोठे आहेत हे वाटाड्याला आदल्या रात्रीच विचारून ठेवावे. नाईलवरच्या बोटी काठाशी एकमेकींना लावून उभ्या करतात, त्यामुळे दोन-तीन बोटींतून आणि फळीवरून काठावर यावे लागते. काठी सोबत असावी आणि उतरताना कोणाचा तरी हात धरावा. गिझाजवळचे ग्रँड इजिप्शियन म्युझियम नोव्हेंबर २०२५ मध्ये रीतसर सुरू झाले. तुतनखामेनच्या थडग्यातला सारा ठेवा तेथे एकत्र मांडला आहे. सरकते जिने असल्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनाही ते सुखाने पाहता येते.

नाईल पाहताच गोदाकाठच्या माणसाला पाण्यात पाय बुडवावेसे वाटतील. रामकुंडावर स्नान केलेल्यांना हे सांगणे अवघड जाते, पण तो मोह टाळावा. नाईल आणि तिच्या कालव्यांच्या संथ पाण्यातील गोगलगायींमार्फत बिल्हार्झिया नावाच्या रोगाचे कृमी वाढतात आणि ते अखंड त्वचेतूनही शरीरात शिरू शकतात. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरांना हा कृमी १८५१ मध्ये कैरोतच सापडला. इजिप्तने या रोगावर बरेच नियंत्रण मिळवले आहे, तरी काठावरून हात जोडणेच बरे. परतल्यानंतर काही आठवड्यांनी अंगावर खाज, ताप किंवा लघवीत रक्त दिसले, तर डॉक्टरांना इजिप्तच्या प्रवासाविषयी अवश्य सांगावे.

शाकाहारींची आबाळ होत नाही. तांदूळ, मसूर, मॅकरोनी, टोमॅटोचा रस्सा आणि वर तळलेला कांदा अशी कोशारी पोटभरीची असते. ‘फूल’ म्हणजे बाकल्याच्या दाण्यांची शिजवलेली उसळ. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता आहे, त्यांनी ती आणि त्याच दाण्यांची ‘तामिया’ ही भजी वर्ज्य करावीत. त्यांच्या तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो. ‘करकदे’ हे लालभडक पेय लाल अंबाडीच्या बोंडांचे. त्याने रक्तदाब काहीसा उतरतो, तेव्हा रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी एका पेल्यावर थांबावे. कॉफी मागताना मधुमेहींना आपलीच भाषा उपयोगी पडते. ‘सादा’ म्हणजे बिनसाखरेची, ‘मझबूत’ म्हणजे मध्यम गोड आणि ‘झियादा’ म्हणजे जास्त साखरेची. मजबूत कॉफी मागून गोड कॉफी पदरात पडते, हे ध्यानात ठेवावे.

तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहायचे. साठ वर्षांची सवय त्यासाठी मोडावी लागते. शक्यतो गटाबरोबरच ओलांडावे. किमतीच्या पाट्यांवरील अरबी पाच हा आकडा हुबेहूब आपल्या शून्यासारखा दिसतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. स्वच्छतागृहातही ‘बक्शीश’ द्यावी लागते, तेव्हा सुट्या नोटा जवळ ठेवाव्यात.

प्रवासविमा घेताना मधुमेह, रक्तदाब, जुनी हृदयशस्त्रक्रिया काहीही लपवू नये. लपवलेल्या आजाराचा दावा नाकारला जातो. तेथील खासगी रुग्णालये उपचारांपूर्वी अनेकदा रक्कम भरून घेतात, तेव्हा विमा कंपनीचा चोवीस तास चालणारा क्रमांक प्रवाशाच्या खिशात आणि नाशिकच्या घरी, दोन्हीकडे असावा. त्याच कागदावर रुग्णवाहिकेचा १२३, पर्यटक पोलिसांचा १२६, कैरोतील भारतीय दूतावासाचा क्रमांक, रक्तगट आणि औषधांची यादी लिहावी. रोजच्या फोनची वेळ ठरवून टाकावी. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा हिवाळ्यात कैरोत संध्याकाळचे सहा झालेले असतात. दिवसभराची फिरती संपलेली असते आणि रात्रीच्या गोळ्यांची आठवण करून द्यायला ती वेळ योग्य असते.