हेरिटेज? आमच्या चाळीत?

शनिवारवाड्यासाठी सगळेच धावतात. दहा बाय बाराच्या खोलीसाठी कोण धावणार?

मागच्या महिन्यात रात्री नऊला ऑफिसातून घरी आलो, तर जेवणाच्या ताटाशेजारी एक कागद. संमतीपत्र. कासारवाडीतली आमची चाळ पाडून तिथे सात मजली टॉवर होणार! आईची सही झालेली, माझी बाकी.

आधी चाळीची ओळख करून देतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. साठच्या दशकात टेल्को, बजाज आल्या. कारखान्यांना माणसं हवी होती आणि माणसांना छप्पर. मग आजूबाजूच्या गावांतल्या लोकांनी घरालगत खोल्या काढल्या. आमचे आजोबा एक ट्रंक घेऊन माणहून आले ते अशाच एका खोलीत. मंगलोरी कौलं, पुढे सगळ्यांचा मिळून एक ओटा, मागे नळ. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० ची. आमची चाळ तिच्याहून बारा वर्षांनी थोरली!

उद्योगनगरीची गोष्ट सांगताना आपण कंपन्यांची गेटं दाखवतो. पहिल्या पाळीला निघालेली माणसं उठायची कुठून, ते कुणी दाखवत नाही. मी हे आईला ऐकवलं. ती म्हणाली, "मग तू राहा इथे. आणि पावसात रात्री दोनला छत्री घेऊन संडासला तूच जा." बोलती बंद!

तरी चैन पडेना. रविवारी कासारवाडीला मेट्रो पकडली. २०२४ पासून ती मंडईपर्यंत जाते. तिथून दगडूशेठच्या समोर, जिथे भिडे वाडा होता तिथे चालत गेलो. 'होता' हे मुद्दाम लिहितोय. १ जानेवारी १८४८ ला जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी इथे मुलींची शाळा काढली. वाडा म्हणजे काही राजवाडा नव्हे, पेठेतलं एक जुनं घर. पुढे तळाला दुकानं आली, वरचा भाग खचत गेला. फुलेप्रेमी वर्षानुवर्षं रस्त्यावर उभे राहून सावित्रीबाईंना अभिवादन करायचे आणि राष्ट्रीय स्मारकाची मागणी रेटायचे. महापालिका एकीकडे, मालक-भाडेकरू दुसरीकडे, अशी केस तेरा वर्षं चालली. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयात आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल महापालिकेच्या बाजूने लागला. आणि ४ डिसेंबरच्या रात्री वाडा पाडला गेला. नव्या स्मारकासाठी!

म्हणजे चळवळ जिंकली आणि भिंती गेल्या. कुणाला दोष द्यायचा? तोवर वाचवण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. पेठांतल्या कितीतरी वाड्यांचं हेच झालंय. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली, तेवढ्या भाड्यात मालक डागडुजी करेना, भाडेकरू खोली सोडेना. मधल्या मध्ये वाळवीची चंगळ.

पण भिडे वाड्याला निदान फुल्यांचं नाव होतं. चिंचवडगावात चापेकर बंधूंच्या वाड्यासाठी गावातली माणसं झटली, आज तिथे स्मारक आहे. ज्या घरात कुणी हिरो राहिलाच नाही, त्याचं काय?

याचं उत्तर मला गिरगावात मिळालं. खोताची वाडी! लाकडी जिने, उतरती छपरं, साधीसुधी बंगलेवजा घरं. एकेकाळी ६५ होती, आता निम्मीही नाहीत. जी उरली त्यामागे तिथे राहणाऱ्यांचा हट्ट आहे. ते टॉवरला विरोध करतात, घरं डागडुजी करून वापरतात, येणाऱ्याला वाडी फिरवून दाखवतात. मुंबईत १९९५ ला हेरिटेजचे नियम आले, त्यांत ग्रेड ३ असते ती अशा गल्लीबोळांसाठीच. ताजमहाल नसला तरी चालतं, बॉस!

आमची चाळ ग्रेडमध्ये बसणार नाही, हे मला कळतं. आईला घरात संडास हवा, तो तिला मिळालाच पाहिजे, हेही कळतं. म्हणून आम्ही चौघांनी (दोघं आयटीवाले, एक बँकेतली आणि मी) वेगळाच उद्योग सुरू केलाय. दर रविवारी टेप घेऊन खोल्या मोजायच्या, फोटो काढायचे, म्हाताऱ्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचं. आणि संमतीपत्रात एक अट घालायची मागणी: तळमजल्यावर एक खोली याच कौलांची, याच दाराची, कायम ठेवा. बिल्डरचा माणूस म्हणाला, "लॉबीत मोठा फोटो लावू की!" आम्ही नाही म्हटलं. अठ्ठावीसपैकी अकरा घरं आमच्या बाजूला आहेत. आई अजून नाही.

परवा चार नंबरच्या आजींकडे टेप धरून बसलो होतो. "मेल्या, काय मोजतोस?" म्हणाल्या. सांगितलं. जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मोरीचा कट्टा पण लिही. यांनी कंपनीतून सुट्टी काढून स्वतः बांधलाय."

सव्वा फूट उंच. लिहून घेतलं.