पेटंट मिळालं, पण कोर्टात टिकेल का?

समजा, लग्नसमारंभात एलईडी वॉल भाड्याने द्यायचा तुमचा व्यवसाय आहे. अर्ध्या वॉलला एक कंट्रोलर, अर्ध्याला दुसरा. दोघांनी एकाच क्षणी फ्रेम बदलली नाही, तर नवरीच्या चेहऱ्यावरच चीर दिसते. तुम्ही डोकं लावलं. एका कंट्रोलरचा सिंक सिग्नल, म्हणजे ‘आता बदल’ सांगणारा ठोका, दुसऱ्याला दिला. चीर गेली. आता वाटतं, याचं पेटंट घेऊन टाकू!

थांबा जरा. टीव्ही स्टुडिओत अनेक कॅमेरे एकाच ठोक्यावर चालवण्याची पद्धत कित्येक दशकं जुनी आहे, तिला जेनलॉक म्हणतात. त्यामुळे समोरचा विचारणारच: या कामातल्या जाणकाराला हे सहज सुचलं नसतं का? पेटंट कायद्यात यालाच इन्व्हेंटिव्ह स्टेपची अट म्हणतात.

आपल्याकडे या मुद्द्यावरचा सगळ्यात गाजलेला खटला कुठल्या मोठ्या कंपनीचा नाही, भांड्यांचा आहे. मिर्झापूरच्या हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीजने १९५१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. तिथे पितळी भांडी लेथवर फिरवून घासत, पण भांडं फक्त हेडस्टॉकच्या बाजूने धरलेलं असे. ते निसटून उडायचं, कामगाराला धोका. यांनी दुसऱ्या बाजूने टेलस्टॉकचा दाब दिला. भांडं पक्कं बसलं. पेटंटही मिळालं! मग त्याच गावातल्या विश्वनाथ प्रसाद राधेश्याम या फर्मवर त्यांनी दावा लावला.

हायकोर्टात एका न्यायाधीशांनी पेटंट रद्द केलं, अपिलात ते परत मिळालं. शेवटी डिसेंबर १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते पुन्हा रद्द केलं. अर्जापासून २७ वर्षं! कोर्टाचं म्हणणं असं की टेलस्टॉकचा आधार देणं ही लेथवरची जुनीच रीत आहे. ही वर्कशॉपमधली सुधारणा झाली, शोध नव्हे. पद्धत उपयोगी होती, सुरक्षित होती, तरी तेवढं पुरलं नाही. (मला स्वतःला त्या कारखानदाराबद्दल वाईट वाटतं. कामगाराचा जीव वाचवणारी गोष्ट होती ती. पण निकाल चुकीचा होता असं म्हणवत नाही.)

आणि हो, पेटंट ऑफिसने मंजुरी दिली म्हणजे ते वैध आहे याची हमी कायदा देत नाही. दावा लावला की समोरचा पहिला हल्ला तिथेच करतो.

मग जुने भाग जोडून पेटंट मिळतच नाही का? मिळतं की. पण ते भाग एकमेकांवर काम करून काहीतरी नवं किंवा सुधारलेलं घडवत असले पाहिजेत. प्रत्येक भाग आपापलं जुनंच काम स्वतंत्रपणे करत असेल, तर कलम ३ (एफ) आडवं येतं.

तुमच्या वॉलचंही तसंच बघा. नुसती वायर जोडली असेल तर अवघड आहे. पण प्रत्येक पॅनेलचा उशीर मोजून ठोका आपोआप पुढेमागे करणारं काही बनवलं असेल, तर एजंटकडे जायच्या आधी पेटंट ऑफिसच्या साइटवर ‘इनपास’मध्ये शोधून बघा. फुकट आहे.