खतावणी डॉट कॉम

दुकान कॉम्प्युटरवर आणायचं म्हणजे एका वीकेण्डचं काम, असं वाटलं होतं. पण एका टिंबानं माझी विकेट काढली!

हार्डवेअरच्या दुकानात वाढलेली मुलगी सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला लागली, की घरचे काय विचारतात? "मग आपल्या दुकानाचं कधी करतेस?" मी सात वर्षं "पुढच्या महिन्यात, नक्की" असं सांगत होते.

पुण्यात अरण्येश्वरच्या बाजूला आमचं दुकान. नळ, पाईप, रंग, खिळे, कडी-कोयंडे. गल्ल्यावर बाबा आणि वहीवर अण्णा. अण्णा म्हणजे आमचे दिवाणजी, माझ्या जन्माच्या आधीपासूनचे. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, तेव्हा बिलं झक मारत कॉम्प्युटरवर गेली. उधारी मात्र अण्णांच्या खतावणीतच राहिली. तीन जाड लाल वह्या, शाईचं पेन, आणि "हात लावू नका" असा चेहरा!

मग २५ सप्टेंबर २०१९ची रात्र आली. आंबिल ओढ्याला पूर आला. त्या रात्री आसपासच्या वस्त्यांत माणसं गेली, संसार वाहून गेले. त्यापुढे आमचं नुकसान काहीच नाही. दुकानात कमरेएवढं पाणी होतं आणि खालच्या फळीवरची प्लंबर-पेंटर लोकांची वही पूर्ण भिजली होती. आम्ही ती सोसायटीच्या गच्चीवर पान न् पान वाळवली. आकड्यांच्या जागी नुसते निळे ढग. त्या ढगांत आमचे साडेचार लाख रुपये होते.

वाचवलं कोणी माहितीये? डिलिव्हरी चलनांच्या पुस्तकांनी! ती बॉलपेननं लिहिलेली, खाली कार्बन घातलेला. बॉलपेनची शाई तेलकट, ती पाण्याला दाद देत नाही. कार्बनकॉपीही तशीच टिकली. शिवाय प्रत्येक चलनावर माल नेणाऱ्याची सही. ही सही लाखमोलाची असते बरं का. नुसत्या हिशेबाच्या नोंदीवर कुणाची देणेदारी सिद्ध होत नाही, मग ती नोंद वहीतली असो वा कॉम्प्युटरमधली. सोबत दुसरा पुरावा लागतो. उधारीच्या दाव्याला मुदतही साधारण तीन वर्षांची. मुदत संपायच्या आत समोरच्यानं देणं मान्य करून लेखी सही दिली, तर ती नव्यानं सुरू होते.

अर्धा इंच की १ फेब्रुवारी?

२५ मार्च २०२०ला लॉकडाऊन लागला आणि माझी सगळी कारणं संपली. वह्या घरी आणल्या. रोज दुपारी चारला व्हिडिओ कॉल. पलीकडे अण्णा, त्यांच्या मोबाइलमधून दिसणारं छत आणि अर्धा चष्मा.

पहिलाच फंडा असा, की सगळं स्कॅन करत बसायचं नाही. ३१ मार्चला ज्याच्याकडे जेवढं येणं, तेवढाच आकडा नव्या हिशेबात उचलायचा. जुन्या वह्या, चलनं कपाटात. जीएसटीच्या नियमानं हिशेबाचे कागद त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावेच लागतात, मग उगाच रद्दीवाल्याला घाईनं बोलवायचं कशाला?

मालाची यादी स्प्रेडशीटमध्ये भरायला घेतली. १/२ इंची एल्बो टाइप केला, एंटर मारलं, तर समोर १ फेब्रुवारी! पाऊण इंची पाईप म्हणजे ३/४, त्याचा झाला ३ एप्रिल! रकाना आधी 'टेक्स्ट' करून ठेवायचा असतो, हे मला, चक्क सॉफ्टवेअरवालीला, दोनशे ओळी भरल्यावर सुचलं. अण्णांच्या वहीत तर इंचही नव्हते. 'चार सूत', 'सहा सूत'. आठ सुतांचा एक इंच, हे मी तिशीत शिकले.

आणि गिऱ्हाइकांची नावं? एकच माणूस एका पानावर आडनावानं, दुसऱ्यावर टोपणनावानं, तिसऱ्यावर 'लाल स्कूटर'. मी लाल स्कूटरची तीन खाती उघडून बसले होते. अण्णा म्हणाले, "अगं बाळ, स्कूटर त्यानं कधीच विकली."

टॅलीची जन्मकथा या काळात फार आठवायची. श्यामसुंदर गोएंकांना आपल्या धंद्याच्या हिशेबाला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोएंकांना, ते लिहायला सांगितलं. त्यातून १९८६मध्ये कंपनी उभी राहिली आणि २०२०मध्ये मुलाला पद्मश्री मिळाली. मला बाबांनी आल्याचा चहा दिला.

टिंबाची भानगड

जूनमध्ये दुकान नीट सुरू झालं. मी जाम खुशीत! एक क्लिक केलं, की कुणाची किती उधारी, किती दिवसांची, सगळी यादी समोर. पैशांची चणचण होतीच. मी एका संध्याकाळी सगळ्यांना एकदम मेसेज पाठवला. "आपली थकबाकी अमुक, कृपया सात दिवसांत भरावी." सभ्य भाषा, खाली दुकानाचं नाव. एकशे बारा मेसेज, एका मिनिटात.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका पेंटरची बायको आली. हातात रुमालात बांधलेले दोन हजार. "बाकीचे देतो, दादांना सांगा, थोडं थांबा." बाबा गोंधळले. अण्णा उठून बाहेर गेले. दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

संध्याकाळी त्यांनी कपाटातून वही काढली. त्या पेंटरचं पान. नावाच्या डाव्या बाजूला एक टिंब. मी ते पाहिलं होतं. पेनची शाई गळली असेल, असं समजून पुढे गेले होते. तो माणूस परांचीवरून पडला होता, कंबर कामातून गेली होती. टिंब म्हणजे, मागायचं नाही. तो आपणहून देईल. अशी टिंबं अकरा पानांवर होती.

"अहो अण्णा, मग सांगायचं ना!"

"तू आकडे विचारलेस. मी आकडे सांगितले."

काय बोलणार? दोन महिने रोज तासभर मी त्यांना विचारत होते. किती, कधीपासून, फोन नंबर काय. 'का' असा रकानाच माझ्याकडे नव्हता.

बाबा वेगळ्याच कारणानं चिडले. अकरांपैकी चार टिंबं त्यांनाही माहीत नव्हती. "माझ्या दुकानात, मला न विचारता?" दोघांत दोन दिवस कामापुरतंच बोलणं. मग बाबांनी ती चार नावं मागून घेतली आणि प्रत्येकाला स्वतः फोन केला. तीन टिंबं राहिली, एक गेलं.

मी खात्यांचा एक वेगळा गट केला. नाव 'टिंब'. त्या गटाला मेसेज जात नाही. अण्णांना तरी शंका होतीच. "वही मी मिटून ठेवायचो. हे तर पोरंसुद्धा बघणार." बरोबर होतं त्यांचं! काउंटरवरच्या मुलांना कुणाची कंबर मोडली, कुणाच्या घरात काय चाललंय, हे कशाला दिसायला हवं? मग प्रत्येकाला वेगळा पासवर्ड. मुलांना बिल आणि स्टॉक दिसतो. उधारी फक्त आम्हा तिघांना. कारण लिहायचं नाही, नुसतं टिंब, हीही अण्णांचीच अट. बॅकअप रोज क्लाउडवर जातो, आणि आठवड्याला एकदा हार्ड डिस्कवर. ती डिस्क घरी, देव्हाऱ्याखालच्या खणात. ओढा तिथवर येत नाही.

पाडव्याला अण्णा अजून नवी वही आणतात. पहिल्या पानावर श्री लिहितात, हळद-कुंकू वाहतात. लॅपटॉपलाही वाहतात, कीबोर्ड टाळून. गेल्या पाडव्याला तो पेंटर आला. आता बसून करायची पॉलिशची कामं घेतो. राहिलेले सगळे पैसे त्यानं काउंटरवर मोजून ठेवले, पेढा खाल्ला आणि गेला.

"बाळ," अण्णा म्हणाले, "ते टिंब काढ."

मी खातं उघडलं, गट बदलला. कॉम्प्युटरनं विचारलं, यस ऑर नो? अण्णांनी चष्मा पुसला, बोट पुढे केलं आणि विचारलं, "यातला 'वाय' कुठला?"