नोटीस मिळूनही नवरा कोर्टात आलाच नाही, तर अंतरिम पोटगी मिळते का?

समजा, एक आई वर्षभरापासून मुलाला घेऊन माहेरी राहतेय. तिने पोटगीसाठी अर्ज केलाय. तारखेच्या दिवशी ती सकाळपासून कोर्टाच्या व्हरांड्यात बसून असते. शिपाई दोघांची नावं पुकारतो. ती आत जाते, समोरच्याच्या नावाला कोणीच 'हजर' म्हणत नाही. पुढची तारीख पडते. त्या तारखेलाही तेच. इकडे मुलाची शाळेची फी थकलेली असते आणि माहेरच्यांपुढे दर महिन्याला हात पसरावा लागतो.

अशा वेळी पहिला प्रश्न हाच पडतो की, तो आलाच नाही तर केस अशीच लटकत राहणार का?

थोडक्यात उत्तर आहे, नाही. समोरचा आला नाही म्हणून कोर्टाचे हात बांधले जात नाहीत. त्याच्या गैरहजेरीतही तात्पुरता आदेश निघू शकतो. पण तो आला नाही म्हणजे मागितलं ते सगळं मिळालं, असंही होत नाही. हे नेमकं कसं चालतं, ते समजून घेऊ.

अंतरिम आदेश म्हणजे काय?

घटस्फोट, पोटगी किंवा मुलाच्या ताब्याच्या केसचा अंतिम निकाल लागायला अनेक वर्षं जाऊ शकतात. तोपर्यंत घर कसं चालणार आणि मूल कोणाकडे राहणार, याची तात्पुरती सोय कोर्ट करून देतं. तोच अंतरिम आदेश. त्याने लग्न मोडत नाही आणि कोण खरं, कोण खोटं हेही ठरत नाही.

असा आदेश मागण्याचे मुख्य मार्ग हे आहेत.

- हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम २४: घटस्फोट किंवा नांदायला येण्याची केस चालू असताना महिन्याचा खर्च आणि केसचा खर्च मागता येतो. हा अर्ज पत्नीप्रमाणे पतीही करू शकतो. याच कायद्याच्या कलम २६ खाली मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण याबद्दल अंतरिम आदेश मिळतो.
- भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १४४: हे म्हणजे जुनं कलम १२५. १ जुलै २०२४ पासून नवा क्रमांक लागू झाला. पत्नी, मुलं आणि आई-वडील यांच्यासाठी असलेलं हे कलम कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला वापरता येतं.
- कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५, कलम २३: यात महिलेच्या प्रतिज्ञापत्रावरून, गरज असेल तर समोरच्याची वाट न बघता, एकतर्फी अंतरिम आदेश देण्याची थेट तरतूद आहे.

पहिल्या दोन मार्गांत अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असं कायदाच सांगतो. हे ६० दिवस मोजायचे ते समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून. बहुतेक केस अडकतात त्या इथेच.

खरी अडचण नोटिशीची

समोरचा गैरहजर असेल तर न्यायाधीश आधी नोटीस लागली आहे का, हे तपासतात. ज्याला केसची कल्पनाच नाही, त्याच्याविरुद्ध आदेश द्यायचा नाही, हे न्यायाचं मूळ तत्त्व आहे.

नोटीस साधारणपणे कोर्टाच्या बेलिफामार्फत आणि पोस्टाने जाते. कलम १४४ च्या प्रकरणात समन्स पोलिसांमार्फतही बजावलं जातं. नोटिशीवर कोणता शेरा येतो, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

'घेण्यास नकार' असा शेरा आला, तर कोर्ट नोटीस बजावली गेली असं धरू शकतं. पाकीट परत पाठवून कोणाची सुटका होत नाही. पण 'या पत्त्यावर राहत नाही' असा शेरा आला तर गाडी थांबते. मग नवा पत्ता द्यावा लागतो. तो माणूस मुद्दाम टाळतोय किंवा नेहमीच्या मार्गाने सापडत नाही, हे कोर्टाला पटवून दिलं तर दिवाणी प्रक्रिया संहितेखाली पर्यायी मार्ग मिळतो. त्यात त्याच्या शेवटच्या माहीत असलेल्या घराच्या दारावर नोटीस चिकटवतात किंवा त्या भागात वाचल्या जाणाऱ्या दैनिकात ती छापतात.

व्हॉट्सअॅपचं काय? मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका वसुलीच्या प्रकरणात व्हॉट्सअॅपवर पाठवलेली आणि उघडून पाहिलेली नोटीस बजावली गेल्याचं मानलं होतं. पण म्हणून आपणच मेसेज टाकून मोकळं व्हायचं नसतं. आधी कोर्टाची परवानगी घ्या आणि मग पाठवल्याचा पुरावा शपथेवर सादर करा.

त्यामुळे अर्ज करतानाच समोरच्याचे सगळे माहीत असलेले पत्ते द्या. राहतं घर, गावचं घर, नोकरीचं ठिकाण, मोबाईल नंबर, ईमेल. एक पत्ता चुकला तर एक-दोन तारखा सहज वाया जातात.

'एकतर्फी' म्हणजे नेमकं काय?

नोटीस मिळाली आणि तरीही माणूस आला नाही, तर कोर्ट 'एकतर्फी चालवा' असा आदेश करू शकतं. कलम १४४ च्या प्रकरणात तो मुद्दाम नोटीस टाळतोय किंवा मुद्दाम हजर राहत नाही, याबद्दल न्यायाधीशांची खात्री व्हावी लागते.

यानंतर अर्ज तपासला जातो तो अर्जदाराने दिलेल्या कागदांवर. समोरून प्रश्न विचारणारं कोणी नसलं तरी न्यायाधीश विचारतातच. लग्नाचा पुरावा आहे का? तुमचं स्वतःचं उत्पन्न किती? महिन्याचा खर्च एवढा कसा? कागद अपुरे असतील तर मागितलेल्या रकमेपेक्षा बरीच कमी रक्कम मंजूर होऊ शकते.

नागपूरची केस आणि नवे नियम

या विषयात वकिलांच्या तोंडी 'रजनीश विरुद्ध नेहा' हे नाव सतत येतं. ही केस आपल्या नागपूरची. पत्नीने सप्टेंबर २०१३ मध्ये स्वतःसाठी आणि लहान मुलासाठी पोटगीचा अर्ज केला. कौटुंबिक न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये अंतरिम आदेश दिला, पत्नीला दरमहा १५ हजार रुपये आणि मुलाला आधी ५ हजार, नंतर १० हजार. या केसमध्ये पती गैरहजर नव्हता, तो वरच्या कोर्टांत गेला. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची याचिका फेटाळली आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल देत सगळी थकबाकी १२ आठवड्यांत भरायला सांगितलं. तात्पुरत्या पोटगीचा वाद संपायला सात वर्षं लागली.

हा उशीर बघून सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले. त्यातले चार आपल्या विषयासाठी महत्त्वाचे आहेत.

- दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं.
- समोरच्याने ते जास्तीत जास्त चार आठवड्यांत द्यायचं. त्यासाठी दोनपेक्षा जास्त संधी द्यायच्या नाहीत.
- त्याने ते दिलंच नाही, तर अर्जदाराच्या प्रतिज्ञापत्रावर आणि कोर्टापुढच्या कागदांवर अर्जाचा निर्णय करता येतो. हजर राहून मुद्दाम वेळ काढणाऱ्याचा बचावही कोर्ट रद्द करू शकतं.
- पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची.

शेवटचा मुद्दा नीट लक्षात घ्या. अर्ज जानेवारीत केला आणि आदेश डिसेंबरमध्ये निघाला, तर मधल्या सगळ्या महिन्यांचे पैसे थकबाकी म्हणून देणं लागतं. दरमहा ८ हजार ठरले तर ११ महिन्यांचे ८८ हजार होतात. तारखा चुकवून पैसे वाचतात, हा समज इथे खोटा ठरतो.

त्याचा पगारच माहीत नसेल तर?

अनेक महिलांकडे नवऱ्याची पगाराची स्लिप नसते. मग जे आहे ते द्या. कंपनीचं ओळखपत्र, बँक पासबुकाची झेरॉक्स, कर्जाचे हप्ते, गाडीचा नंबर, शेताचा सातबारा, दुकानाचे फोटो, राहणीमान दाखवणारी सोशल मीडियावरची पोस्ट. यावरून कोर्ट उत्पन्नाचा अंदाज बांधतं. मालकाकडून किंवा बँकेकडून माहिती मागवावी, असा अर्जही करता येतो.

'मला काही कमाईच नाही' हे कारण धडधाकट माणसाला सहजासहजी चालत नाही. अंगमेहनत करून का होईना, बायको-मुलांना सांभाळणं हे त्याचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येही स्पष्ट केलंय.

पण हा नियम दोन्हीकडून लागू आहे. अर्जदार नोकरी करत असेल आणि तिने ते लपवलं, तर पुढे आदेश बदलू शकतो आणि खोट्या शपथेबद्दल कारवाईही होऊ शकते. आधी दुसऱ्या कायद्याखाली पोटगी मिळाली असेल तर तेही सांगावं लागतं.

मुलाच्या ताब्याचं काय?

पैशापेक्षा इथे कोर्ट जास्त सावध असतं. एक पालक आला नाही म्हणून मूल दुसऱ्याला 'बक्षीस' दिलं जात नाही. मुलाचं हित कशात आहे, ते आत्ता कोणाकडे आहे, त्याची शाळा कुठे आहे, हे बघितलं जातं. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असं हिंदू कायदा सांगतो. कौटुंबिक न्यायालयातल्या विवाह समुपदेशकाकडून अहवाल मागवला जाऊ शकतो आणि कळत्या वयाच्या मुलाशी न्यायाधीश स्वतः बोलू शकतात.

कधी उलटंही घडतं. वडील मुलाला भेटण्यासाठी अर्ज करतात आणि आई तारखेला येत नाही. तेव्हाही कोर्ट भेटीचे दिवस ठरवणारा अंतरिम आदेश देऊ शकतं. ताब्याचे आदेश दगडावरची रेघ नसतात. परिस्थिती बदलली की ते बदलून मागता येतात.

आदेश निघाला, पैसे मात्र येत नाहीत

ज्याने कोर्टाची नोटीस जुमानली नाही, तो आदेश लगेच पाळेल अशी खात्री नसते. म्हणून वसुलीचा अर्ज वेगळा करावा लागतो. कलम १४४ खाली थकबाकीसाठी वॉरंट निघतं आणि तरीही पैसे न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीमागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. जेलमध्ये जाऊन आल्याने थकलेली रक्कम माफ होत नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तर त्याच्या पगारातून थेट रक्कम द्या, असं मालकालाच सांगता येतं.

एक तारीख मात्र विसरू नका. कलम १४४ च्या थकबाकीच्या वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

आणि नोटीस तुम्हालाच आली असेल तर?

गैरहजर राहणारा प्रत्येक जण बेजबाबदार असतोच असं नाही. कधी नोटीस जुन्या भाड्याच्या घरी गेलेली असते, कधी माणूस दवाखान्यात असतो, कधी 'गेलो तर अटक होईल' अशी भीती असते. पोटगीच्या नोटिशीचा अर्थ 'येऊन तुमचं म्हणणं मांडा' इतकाच असतो.

एकतर्फी आदेश झाला असेल तरी दार बंद होत नाही. केस चालू असेल तर हजर होऊन आधी न येण्याचं योग्य कारण द्या आणि पुढे भाग घ्या. कलम १४४ खालचा एकतर्फी आदेश रद्द करून मागण्यासाठी आदेशापासून तीन महिने मिळतात. घटस्फोटाचा एकतर्फी अंतिम हुकूमनामा झाला असेल तर मुदत साधारण ३० दिवसांची असते. नोटीस नीट बजावली गेली नसेल, तर हे दिवस हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात. अशा वेळी कोर्ट केसचा खर्च भरायला किंवा थकबाकीचा काही भाग जमा करायला सांगू शकतं. कारणासोबत कागद लागतोच, नुसतं 'माहीत नव्हतं' पुरत नाही.

आपल्या नावावर केस आहे का, हे ई-कोर्ट्सच्या वेबसाईटवर किंवा अॅपवर नाव टाकून बघता येतं. पुढची तारीखही तिथेच दिसते.

वकील परवडत नसेल तर?

महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयात जा किंवा १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा. पत्नी स्वतः जिथे राहते तिथल्या कोर्टात तिला अर्ज करता येतो. कौटुंबिक न्यायालय नसलेल्या भागात पोटगीचा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो.

सुरुवातीच्या त्या आईकडे परत येऊ. पुढच्या तारखेला जाताना तिने तीन गोष्टी बघाव्यात. नोटिशीवर काय शेरा आलाय, आपलं उत्पन्न-खर्चाचं प्रतिज्ञापत्र दाखल आहे का आणि समोरच्याने आपलं प्रतिज्ञापत्र दिलंय का. नोटीस लागलेली असेल आणि तिचे कागद पूर्ण असतील, तर 'पुढची तारीख' घेऊन परत येण्याऐवजी 'आज अंतरिम अर्जावर आदेश करावा' अशी लेखी विनंती तिला करता येते. ती मान्य करायची की नाही हे न्यायाधीश ठरवतील, पण ती कागदावर असणं महत्त्वाचं आहे.